वजा अर्धा किलो मांजर

आदरणीय ताईंना, धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं पार्सल मंगळवारी पोचलं. आत तुमच्या स्वतःच्या साठ्यातल्या इन्शुलिनच्या सुया एक पुडकं, जुनी शाल एक आणि दिवाणजींचा तरुणपणचा फोटो एक. टपालखर्च पावतीवर चौऱ्याऐंशी. तेवढ्यात इथे नव्या सुया आल्या असत्या, पण त्यात तुमची माया धरली की हिशेब जुळतो. तुमचे गुडघे कसे आहेत? सूनबाईंच्या शिंका थांबल्या का? (मांजराच्या केसांनी येतात म्हणूनच तुम्ही दिवाणजींना आमच्याकडे ठेवून गेलात. मांजर नसतानाही येत असतील, तर मी काही बोलत नाही.)

आता दिवाणजींची हकीकत, कारण तुमचा जीव तिथेच अडकलेला असणार. तुम्ही डोळ्यांत पाणी आणून माझ्या मांडीवर ठेवलंत तेव्हा ते भरघोस पाच किलोचे होते. पुढे त्यांना मधुमेह निघाला हे मागच्या पत्रात कळवलंच आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की सकाळ-संध्याकाळ खाणं झाल्यावर सुई द्यायची, दर आठवड्याला वजन करून फोनवर सांगायचं, आणि वजन घटत राहिलं तर लक्षण चांगलं नाही. सुईचं मला जमलं. शालीत गुंडाळायचं, मानेची कातडी चिमटीत धरायची आणि "मुंगी चावली हो, मुंगी" म्हणत टोचून मोकळं व्हायचं. (पहिल्या दिवशी सुई तुमच्या बंधूंच्या अंगठ्यात गेली. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी मांजराला राहिलेलं औषध देऊ नका एवढंच सांगितलं, अंगठ्याची चौकशी केली नाही. तेव्हापासून बंधू नाराज आहेत.)

वजनाचं मात्र मी माझ्या पद्धतीने बसवलं. दवाखान्यापर्यंत रिक्षा परवडत नाही, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाबाहेर नाण्याचं यंत्र आहे. दिवाणजींना पिशवीत घालून यंत्रावर उभं राहायचं, आलेल्या आकड्यातून माझं वजन वजा करायचं, उरेल ते मांजर. माझं वजन गेल्या वर्षीच्या तिकिटावर बासष्ट छापलेलं आहे. एकदा विकत घेतलेलं वजन दर आठवड्याला परत कशाला विकत घ्यायचं? एका नाण्यात काम होत होतं.

पण ताई, काय सांगू, मांजर ओसरायला लागलं. पाचाचे चार झाले, चाराचे तीन, तिनाचे दोन. मी देवाला साकडं घातलं. काळजीने माझ्याच घशाला कोरड पडू लागली, तांब्यावर तांब्या पाणी पोटात जाई आणि मग तितक्याच फेऱ्या. दिवाणजींच्या मागे धावून हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. न्हाणीघरात मुंग्यांची रांग लागली, म्हणून मी दिवाणजींना दोन वेळा रागावले. (ते न्हाणीघरात कधी जात नाहीत, हे बंधूंनी लक्षात आणून दिलं. मी म्हटलं, चोरून जात असतील.) हे सगळं मी वजनासोबत डॉक्टरांना फोनवर सांगत असे; ते घेऊन या म्हणत, आणि मी रिक्षाचं भाडं आठवून टाळत असे. घरातली साखर त्यांच्या नजरेला पडू नये, टाकवतही नाही, म्हणून सरबत करून करून मीच संपवत आणली. यंत्राच्या तिकिटामागे भविष्य असतं. त्यात दोन आठवडे लागोपाठ "आपल्या आयुष्यात गोडवा वाढेल" असं आलं. मी ते दिवाणजींच्या खाती धरून आणखीच घाबरले.

आणि गेल्या आठवड्यात यंत्राने दोघांचे मिळून साडेएकसष्ट दाखवले. मॅट्रिकला माझं गणित चांगलं होतं हे तुम्ही जाणता. तीन वेळा वजाबाकी केली, तिन्ही वेळा मांजर वजा अर्धा किलो. म्हणजे दिवाणजी शून्याच्या खाली जाऊन वर आपलंच अर्धा किलो त्यांच्याकडे येणं निघालं. मी रडत घरी आले. बंधू म्हणाले, "म्हणजे याला उचललं की तू हलकी होतेस. बाजारात जाताना घेऊन जात जा."

मग मात्र रिक्षा केली. डॉक्टरांनी दिवाणजींना टेबलावरच्या काट्यावर ठेवलं, तर भरले सहा किलो. "काकू, मांजर एकदम झकास आहे," ते म्हणाले. "तुमचं वजन शेवटचं कधी केलंत?" मी म्हटलं, माझं कशाला, माझं ठरलेलं आहे. त्यांनी मला मोठ्या कुत्र्यांच्या काट्यावर उभं केलं. (आधीच्या कुत्र्याचे केस तसेच होते, झाडलेसुद्धा नव्हते.) साडेपंचावन्न. मग ते हसायचे थांबले आणि म्हणाले, मी जनावरांचा डॉक्टर, तुम्हाला काही देऊ शकत नाही, पण तहान, मुंग्या आणि उतरतं वजन ही सगळी दुखणी तुम्ही दर आठवड्याला फोनवर मला तुमचीच सांगत होता. इथून सरळ माणसांच्या दवाखान्यात जा.

तिथे बंधूंनी नेलं. माझा साखरेचा आकडा दिवाणजींच्या आकड्याच्या बराच वर आला. बंधू म्हणाले, "कशात तरी त्याच्या पुढे गेलीस." पण रिक्षात त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि भाडं मोजूनही घेतलं नाही.

तर दिवाणजी सुखरूप आहेत, काळजी नसावी. बाकी सर्व देवाच्या कृपेने ठीक.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. मांजराच्या सुया मला चालतील का, असं माणसांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चिठ्ठीवर 'माणसांच्या' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. नव्या आणल्या आहेत.

ता. क. २ : पत्र लिहायचं कारण राहिलंच. सोमवारपासून मलाही सकाळ-संध्याकाळ सुई आहे. दिवाणजींना मी रोज मुंगी म्हणून सांगत आले, पण मला स्वतःला काहीच ठाऊक नाही. त्यांना विचारलं तर डोळे मिटून घेतात, बंधूंना विचारलं तर अंगठा दाखवतात. तुम्ही इतकी वर्षं टोचून घेता. खरं किती दुखतं, ते सोमवारच्या आत उलट टपाली कळवावं. जास्त दुखत असलं, तर थोडं कमी करून लिहावं.