मृदंगाला वळसा

अंफवा,
सोमवार, १० जून

प्रिय कोंग,

आशीर्वाद. इकडे सगळं जागच्या जागी आहे. कालव्याला पाणी आहे, नारळ पडताहेत, बाबा रोज सकाळी माशावरून चिडतात. बँकॉकचा तुझा कार्यक्रम टीव्हीवर पाहिला. त्याबद्दल पुढे लिहिते, आधी कामाचं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी आपल्याकडे गुरुपूजा आहे आणि बाबांनी यंदा आपला वादकांचा ताफा सोपवायचं ठरवलं आहे. पूजेच्या शेवटी रनातसमोर बसवून ते ज्याचा हात धरतील आणि त्याच्याकडून त्या लाकडी पट्ट्यांवर पहिले सूर वाजवून घेतील, त्याचा ताफा. तो हात तुझा असणार. हे त्यांनी चोमकाकांना सांगितलं, चोमकाकांनी बाजारात, आणि मला मासळीवालीकडून कळलं.

परवा फोनवर तू म्हणालास, "हो म्हणून टाकतो गं ताई. बाबांना बरं वाटेल. बाकी तू बघतेसच." तेव्हा दारात नारळाच्या गुळाचं गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून मी काही बोलले नाही. गिऱ्हाईक नसतं तरी बोलले नसते.

आता कार्यक्रम. सगळी गल्ली आपल्या ओसरीवर होती. तू परदेशातली स्पर्धा जिंकलास तेव्हाही एवढी माणसं नव्हती. चोमकाका प्रत्येकाला सांगत होते, "लहानपणी माझ्या मृदंगाशेजारी बसून झांज वाजवायचा. ताल काय असतो ते तिथं शिकला." तू वाद्यवृंदासमोर काठी उचललीस तसे म्हणाले, "बघा, एवढी माणसं घाम गाळणार आणि टाळ्या ह्याला! गुरुजी, पोरगं हुशार निघालं तुमचं."

"आमच्यात कुणी पुढे उभं राहून हात हलवत नाही," बाबा म्हणाले. "एकमेकांचं ऐकतो आम्ही." पण त्यांचा डावा हात गुडघ्यावर ताल धरून होता. मी पाहिलं.

दुसऱ्या भागात आपली थाई वाद्यं वाजवणारे तुझ्या पुढ्यात जमिनीवर बसले. तू घाईघाईत आलास आणि मृदंगावरून ढांग टाकून चौथऱ्यावर चढलास. मृदंगाला हार होता, कोंग.

"ओलांडला!" चोमकाका ओरडले. "अरे, ओलांडला की रे कार्ट्यानं!"

बाबांनी उठून टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "संपलं." लोक चपला शोधायला लागले. पुढचं तू काय वाजवून घेतलंस ते आम्हाला माहीत नाही. छान झालं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळ करून, फुलं घेऊन आपल्या मृदंगासमोर बसले. गुडघे वाकत नाहीत, मीच खाली बसवलं. "पोर आहे, परमुलखात वाढलंय. पदरात घ्या," असं मृदंगात वसणाऱ्या गुरूंना म्हणाले. लहानपणी माझा नुसता पाय लागला होता, तेव्हा मला दिवस मावळेपर्यंत त्याच मृदंगासमोर बसवलं होतं. मला राग आला, कोंग. तुझा नाही. बरं, थोडा तुझाही.

आणखी एक. बाबांचा उजवा हात गेल्या वर्षीपासून साथ देत नाही. "पोराला कळवू नकोस, त्याची कामं मोठी आहेत," म्हणाले, म्हणून कळवलं नाही. तेव्हापासून रनात मी वाजवते. अंत्यविधी, पूजा, सगळीकडे. बाबा माझ्या मागे बसतात. गेल्या महिन्यात वरच्या विहारात वाजवलं, तर तिथले म्हातारे भन्ते, ज्यांना आता फारसं दिसत नाही, ते बाबांना म्हणाले, "बुनयांग, हात अजून तसाच आहे हो तुझा." बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "कृपा आहे. गुडघे तेवढे दुखतात." मी पट्ट्या पुसत होते. परत येताना होडीत चोमकाका माझ्याकडे बघून हसले, मी हसले नाही.

बाबांचं म्हणणं, बाई वाजवते, ताफा चालवत नाही. मी त्यांच्याशी भांडत नाही. भांडून झालं आहे.

तर तू ये. सगळ्यांना वाटतंय तू ताफा घ्यायला येणार. तू नाही म्हणायला ये. फोनवर नको; फोनवरचं 'नाही' ते 'पुढच्या वर्षी' असं ऐकतील. पूजेत, सगळ्यांसमोर, त्यांनी हात पुढे केला की म्हण, "नाही, बाबा. मला दुसरं काम आहे." मोठ्यानं म्हण, त्यांना कमी ऐकू येतं. तू त्यांचं मन राखायला हो म्हणालास, तर ताफा तुझ्या नावानं बँकॉकला जाईल आणि मी जन्मभर तुझ्या वतीनं वाजवत राहीन. मला ते नको आहे. मला ताफा हवा आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, चोमकाकांनाही नाही.

तू नाही म्हटलंस तर ते माझा हात धरतील, असं मी म्हणत नाही. कदाचित पूजा तशीच आटपतील आणि ताफा तिथेच बंद होईल. पण त्यांचा हात पुढे झालेला असेल, रिकामा असेल, आणि मी शेजारी बसलेली असेन. एवढी एक वेळ मला हवी आहे. तेवढी तू देऊ शकतोस.

दुपारच्या आत पोच. पांढरा सदरा घाल. आणि आत येताना मृदंगाला वळसा घालून ये. भिंतीकडून वाट ठेवली आहे.

तुझ्या 'नाही'ची वाट बघणारी,
तुझी ताई
वान