साइड न देण्याचा निश्चय

सोमवार, ५ जानेवारी

या देशात सायकलस्वाराच्या लेंग्याच्या उजव्या पायाला कोणी वाली नाही. डावा पाय जन्मभर सुखात असतो. उजवा चेनच्या बाजूला, म्हणून ग्रीस त्याच्याच नशिबी. आज परीटघडीचा पांढराशुभ्र लेंगा घोट्यापासून पोटरीपर्यंत काळा झाला. विनयानं सोड्यात भिजवला, लिंबू चोळलं, आणि पत्नीला शोभणार नाही अशा थंडपणे म्हणाली, आता याचं पायपुसणं करते.

या डागाची नैतिक जबाबदारी विजयध्वज ट्रॅव्हल्सच्या बसवर आहे, हे इथं नोंदवून ठेवतो. अंथुर्ण्याच्या पुढं उसाची ट्रॉली चालली होती. तिला ओलांडताना बस माझ्या कोपराला चाटून गेली. मी प्रसंगावधान राखून चारीत उतरलो. (विनया 'पडलात' म्हणते. चारीत पाणी नव्हतं, त्यामुळं पडलो असं म्हणता येणार नाही.)

जेवताना ओवी म्हणाली, "तीच बस, बाबा. मला पण रोज अशीच घासून जाते." ओवी अकरावीला आहे. वालचंदनगरच्या कॉलेजात याच रस्त्यानं सायकलनं जाते. जूनमध्ये तिला बसचा पास हवा होता, मी नाही म्हटलं. 'सायकल : एक जीवनदृष्टी' हा लेख ज्या वार्ताहरानं लिहिला, त्याची मुलगी बसनं?

विनया म्हणाली, "अहो, एक तर तिला पास काढून द्या, नाहीतर त्या बसचं काहीतरी करा. रोज साडेपाचपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो."

आठ दिवसांत बंदोबस्त करतो म्हणालो. निश्चय झाला.

मंगळवार, ६ जानेवारी, सकाळी

साम, दान, भेद, दंड. शास्त्रातला क्रम हा. बसवाल्यांसाठी तो उलटा लावणं भाग आहे. आजपासून दंड. शस्त्र : दृष्टी. ड्रायव्हरच्या डोळ्यांत डोळे घालून असं पाहायचं की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जावा.

त्याच दिवशी, दुपारी

बस मागून येते. हे नियोजनात राहून गेलं.

शुक्रवार, ९ जानेवारी

हँडलला आरसा बसवून घेतला. आरशात बस स्पष्ट दिसली. त्या वेळी समोरचं कुत्रं दिसलं नाही. कुत्रं सुखरूप आहे. माझ्या गुडघ्याला हळद लावताना विनयानं विचारलं, कुत्र्याची प्रतिक्रिया घेतलीत का, बातमीत दोन्ही बाजू लागतात ना तुम्हाला.

संध्याकाळी ओवीला मार्गदर्शन केलं. बस आली की तू काय करतेस, असं आधी विचारलं. म्हणाली, "मी उतरते. मागं आवाज आला की सायकल घेऊन खाली मातीत उभी राहते. गेली की परत बसते."

ऐकून सुन्न झालो. मी म्हणालो, उतरणं म्हणजे शरणागती. रस्ता जितका बसचा तितकाच आपला. जागा सोडायची नाही, सरळ रेषेत चालायचं, उजवा हात आडवा करून थांब अशी खूण करायची.

"आणि तरी आली तर?"

म्हणालो, येणार नाही. माणूस माणसाला पाहून थांबतोच.

"तुम्ही चारीत उतरलात तेव्हा त्यानं पाहिलं नव्हतं का?"

तर्कबुद्धी चांगली आहे पोरीची. माझ्यावर गेली आहे.

सोमवार, १२ जानेवारी

गेले दोन दिवस मी कॅनॉलच्या वाटेनं जातो आहे. भीती हे कारण नाही. बगळे. पाणपक्ष्यांवर लेखमाला लिहावी असं बरेच दिवस मनात होतं. ओवीसाठी ती वाट नको, फार सुनसान आहे. तिनं हमरस्ताच धरावा. घरातल्या कोणीतरी आघाडी सांभाळली पाहिजे.

आठ दिवस झाले, असं ओवीनं आठवण करून दिली. तिला समजावलं की 'आठ दिवस' हे बोलण्याच्या रीतीप्रमाणं घ्यायचं असतं.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

साम. तिळगुळाचा डबा घेऊन थांब्यावर गेलो. ड्रायव्हरचं नाव सर्जेराव. आडवा बांधा, गळ्यात टॉवेल, हसतमुख. वाटलं होतं तसा राक्षस नाही, त्यामुळं थोडी निराशा झाली.

तिळगूळ हातावर ठेवून मुद्दा मांडला, की आपली बस सायकलींच्या फार जवळून जाते. तो लाडू चावत म्हणाला, "आवो सर, मी मोजून चालवतो. आजवर कुणाला लागलं न्हाय. वारा लागतो निस्ता."

मी म्हणालो, हॉर्न तरी आधी द्यावा. म्हणाला, "हॉर्न दिला की सायकलवाली बिचकत्यात, आन् आडवी येत्यात. त्यापरीस गप जावं."

चहाच्या टपरीवाल्या कौसल्याबाईंनी मध्येच विचारलं, "सर, तुमी परवा चारीत कशापायी बसला हुता? मला वाटलं अभ्यास करताय." अख्खा थांबा हसला. सर्जेराव तर टॉवेल तोंडाला लावून हसला. वातावरण एकंदर सौहार्दाचं होतं.

डबा रिकामा करून त्यानं परत दिला. पोरांसाठी घेतलं म्हणाला.

संध्याकाळी ओवीनं सांगितलं, "आज पण तशीच गेली. उलट तोंडात काहीतरी चघळत होते."

सोमवार, १९ जानेवारी

लेखणी. एवढं मोठं शस्त्र घरात असताना मी आरसे बसवत बसलो. तीन पानी बातमी लिहिली : 'सायकलस्वारांच्या प्राणांशी खेळ'. संपादकांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "केशवराव, रविराजशेठच्या बसेस त्या. त्यांच्या वाढदिवसाचं अख्खं पान आपल्याकडं असतं. जरा पाणपक्ष्यांचं बघा की."

म्हणून त्याच मजकुराचा अर्ज केला. मालकांना समक्ष देणार. आता माघार नाही.

बुधवार, २१ जानेवारी

बारामतीला गेलो, विजयध्वजच्या बसनंच. दुसरी गाडी वेळेवर नव्हती, शिवाय शत्रूचा जवळून अभ्यास होतो. खिडकीची सीट मिळाली. गाडी चांगली पळते. वाटेत एक सायकलवाला आमच्या पुढं अगदी मधोमध कडमडत होता, थोडा राग आला.

रविराजशेठ तिशीतला उमदा माणूस आहे. बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचला. मग टेबलावर हात मारून म्हणाले, "सर, काय भाषा हाय राव! 'यमदूताचा रथ'! अंगावर काटा आला बघा. असं लिवणारा माणूस आपल्या भागात हाय आन् आमाला पत्ता न्हाय?"

मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, रस्ता सुरक्षा अभियानाचा कार्यक्रम ठेवलाय, एका विनाअपघात चालकाचा सत्कार करायचाय, मानपत्र लिहिणारं कोणी भेटत नव्हतं. तुम्हीच लिहा आणि व्यासपीठावर तुमच्याच आवाजात वाचा.

चालकाचं नाव विचारलं. सर्जेराव.

मी क्षणभर थांबलो. एकच क्षण. मग लक्षात आलं, की हेच ते साम, खऱ्या अर्थानं. जाहीर मान दिला की माणसाला त्या मानाला जागावं लागतं. शिक्षा जे करत नाही ते स्तुती करते. होकार दिला. अर्ज त्यांनी ठेवून घेतला, मुलाला दाखवतो म्हणाले.

शनिवार, २४ जानेवारी

सकाळपासून मानपत्र. हात असा चालला नव्हता कित्येक वर्षांत. 'वाहनविद्याविशारद', 'पवनवेगधुरंधर', 'पथिकवत्सल'. 'सायकलस्वारांपासून सुरक्षित अंतर राखावं' अशी एक ओळ मुद्दाम घातली होती. वाचताना लय तुटत होती. काढली.

ओवी मागं येऊन उभी राहिली. "बाबा, कोणासाठी लिहिताय?"

"एका चालकासाठी."

"कोणत्या?"

सांगितलं. सामाचा सिद्धांतही समजावून सांगितला. तिनं कागदावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पथिकवत्सल म्हणजे?"

म्हणालो, वाटसरूंवर माया करणारा. ती हसली. मुलीला संस्कृतची गोडी लागते आहे.

विनया दिवसभर बोललेली नाही. बहुधा डोकं दुखत असावं.

शुक्रवार, ३० जानेवारी

विलक्षण दिवस! सभागृह भरलेलं. माइक उत्तम. 'पवनवेगधुरंधर' या शब्दाला शिट्ट्या आल्या. सर्जेरावाच्या डोळ्यांत पाणी. सगळ्यांदेखत माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "सर, बापानं बी कदी चांगलं म्हनलं न्हवतं वो." मलाही शाल मिळाली.

घरी येऊन ओवीला सांगितलं, प्रश्न सुटला. तो माणूस आता वेगळा झाला आहे. सोमवारपासून उतरायचं नाही. ताठ मानेनं चालायचं आणि हात दाखवायचा.

"नक्की, बाबा?"

नक्की, म्हणालो.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

दुपारी फोन आला. ओवी पडली. जंक्शन गावाच्या अलीकडं, त्याच बसमुळं. डावं मनगट मोडलं आहे, हनुवटीला टाके. सायकलचं मागचं चाक गेलं. कौसल्याबाईंच्या मुलानं तिला दवाखान्यात आणलं.

मी पोचलो तेव्हा प्लास्टर चाललं होतं. ती रडत नव्हती. म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तसंच केलं. काल पण केलं होतं. काल थांबले होते ते."

विनया म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा."

बसलो.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

चौकीत गेलो. आता कसलीही गय नाही, असं वाटेत ठरवलं होतं. सर्जेराव आधीच येऊन बसला होता. बगलेत मानपत्राची फ्रेम, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

हवालदारांनी मानपत्र पूर्ण वाचलं, वाचताना बोट ओळीखालून फिरवत. मग म्हणाले, "सर, खाली नाव तुमचंच हाय न्हवं?"

व्हय म्हणालो. म्हणजे, होय.

"मागच्या शुक्रवारी तुमी म्हनताय ह्यो लई चांगला हाय. आज म्हनताय बेफाम चालवतो. मग मला सांगा, हे खरं लिवलंय का खोटं?"

तीस वर्षं वार्ताहर आहे. खोटं लिहिलं, असं चौकीत बसून कसं म्हणणार? म्हणालो, तो वाङ्मयाचा एक प्रकार आहे. हवालदारांनी सर्जेरावाकडं पाहिलं, सर्जेरावानं हवालदारांकडं.

सर्जेरावाचा चेहरा खरोखर उतरलेला होता. म्हणाला, "सर, पोरीचं वाईट वाटतंय वो. दोन दिस जेवन गेलं न्हाय. पन ती रोज उतरती खाली. लांबनं आवाज आला की उतरती. शानी पोर हाय. सोमवारी न्हाय उतरली, म्या ब्रेक मारला, मागची समदी पॅसेंजर माझ्यावर वरडली. मंगळवारी म्हनलं, आज उतरंल. उतरंल, उतरंल म्हनस्तवर..." मग टॉवेलनं तोंड पुसून म्हणाला, "तिला हात दाखवायला कुनी शिकवलं वो? सायकलवर एक हात सोडत्यात व्हय?"

मी हवालदारांना म्हणालो, पाणी मिळेल का.

'सायकल घसरून पडली' अशी नोंद झाली. सही मी केली. रविराजशेठचा फोन आला, पोरीला वर्षभराचा पास देतो म्हणाले, माणुसकी म्हणून.

बुधवार, ११ फेब्रुवारी

ओवी बसनं जाते. पहिल्याच दिवशी सर्जेरावानं तिला पुढची सीट दिली. तिथून मानपत्र समोरच दिसतं म्हणे, काचेच्या वर लावलं आहे. मैत्रिणींनी वाचून दाखवायला सांगितलं. तिनं वाचलं.

मी कॅनॉलच्याच वाटेनं. बगळ्यांच्या लेखमालेचे दोन भाग छापून आले. कोणी काही म्हणालं नाही.

रविवार, १५ मार्च

काल प्लास्टर काढलं. मनगट बारीक झालं आहे, पण बोटं हलतात. आज सकाळी ओवीनं सायकल बाहेर काढली, नव्या चाकात हवा भरली, चेनला तेल घातलं. उद्यापासून सायकलनं जाते म्हणाली.

पास आहे ना, म्हणालो.

"बाबा, मी महिनाभर त्यांच्या शेजारी बसलेय. काका बोलताना मागं वळून बघतात. समोर सायकल आली की म्हणतात, उतरतंय बघ आता. आणि सगळे खरंच उतरतात. मला नाही बसायचं तिथं."

मग जाताना उतरशील ना, असं विचारायचं होतं. विचारलं. ती चाक फिरवून पाहत होती. पूर्वी ती मला काही करा म्हणायची, आज तेही म्हणाली नाही. विनया दारात उभी होती. दोघींपैकी कोणी माझ्याकडं पाहिलं नाही.

उद्यासाठी काही योजना लिहावी म्हणून वही उघडली होती. योजना नाही. उद्या सकाळी ती निघेल, तो रस्ता आहे, ती बस आहे, आणि मला भीती वाटते. ती घरी परत येईल ना, एवढीच.