डावखुऱ्याचा बेस

डॉयल भावजी,

मेम्फिसच्या संग्रहालयात तुमचा सत्कार आहे म्हणे. रॉकबिली गाण्यांत त्या माणसाएवढ्या उभ्या बेसच्या तारांवर चापट्या मारायची युक्ती तुमची, आणि माझा व्हर्जिल नुसता तुमची गाडी हाकायचा, असं टीव्हीवर सांगून आलात. त्याच्या मातीला यायला तेवढी सवड नव्हती.

काल संग्रहालयाचा माणूस आला. "मावशी, डॉयलसाहेबांचा जुना बेस तुमच्याकडे पडलाय ना? शनिवारी ते त्यावरच वाजवणार आहेत."

"ने की बाबा, त्यांचाच तो," मी म्हटलं. वर त्याला मक्याची भाकरी नि तळलेला मासा खाऊ घातला.

व्हर्जिल डावखुरा होता नि तुम्ही उजवे, विसरलात वाटतं. त्याच्या हातानं उलट्या बसवलेल्या तारा तशाच आहेत. लाकूडही चापट्यांनी उलट्याच बाजूला झिजलंय. मी फक्त फडकं मारून चकचकीत केलाय. तुम्ही पहिली चापट मारलीत की लोकच विचारतील, हा बेस नक्की कुणाचा?

मी लाल टोपी घालून पहिल्या रांगेत बसणार आहे.

पत्र मात्र टाकत नाही. टाकलं तर शनिवारी नेमके आजारी पडाल.

तुमची लाडकी वहिनी,
व्हर्जिलची लोरीन