वन वन एटले देवकी म्हणा

१ जानेवारी १९८६, बुधवार. सकाळ.

वसंताले कोण्या पक्षकारानं डायरी दिली. त्याच्याजवळ तीन झाल्या, म्हणून एक मले दिली. वसंता म्हणजे माझा मुलगा, वकील आहे. मी चौथी शिकली. त्यातही चौथीत मास्तरचं लग्न निघालं न शाळा कितीतरी दिवस बंद होती. तरी अक्षर माझं गोल आहे. आता रोज लिहीन. खाडा नाही.

मोठी बातमी! आपल्या घरी नवी मोटार येऊन राहिली. पांढरी. समोरच्या यमुताईकडे पद्मिनी आहे. "आमची पद्मिनी सर्व्हिसिंगले गेली वं," असं ती म्हणते, तेव्हा लेक माहेरपणाले गेल्यासारखं वाटते. मी वसंताले विचारलं, आपल्या गाडीचं नाव काय? तो म्हणे, "वन वन एट एन ई." मी म्हटलं, हा तं टेलिफोनचा नंबर झाला, नाव सांग. तो म्हणे, "हेच नाव आहे आई."

असं असूच शकत नाही.

२ जानेवारी.

चौकशी केली. नात उत्तरा कॉलेजात आहे, तिले सगळं माहीत असते. पद्मिनीच्याच कारखान्यानं ही काढली म्हणे. एन ई म्हणजे निस्सान इंजिन, जपानचं. अन् एकशे अठरा काहून? ते तिलेही माहीत नाही. एकशे आठ असते तं जपमाळ तरी झाली असती. वरचे दहा कशाचे?

माझा अंदाज असा. पहिल्या पोरीचं नाव हौसेनं ठेवलं, पद्मिनी. दुसऱ्या पोरीच्या वेळेस कोणाले उत्साह राहिला नाही. आमच्या बाबांच्या गोठ्यात बैलाले नाव होतं, गोऱ्ह्याले नाव होतं, एक आडमुठा टोणगा होता त्याले सुभेदार म्हणत. तो हाक मारली की पाठ फिरवत होता. म्हणजे नाव त्याले समजत होतं.

निश्चय: वसंताले सांगून गाडी बदलवायची. पद्मिनीच घ्यायची. माझा शब्द तो मोडत नाही.

३ जानेवारी. संध्याकाळ.

सांगितलं. तो पेपर वाचत होता. "हो हो आई" म्हणाला. झालं काम. उगाच लोक म्हणतात मुलं ऐकत नाहीत.

६ जानेवारी, सोमवार.

काम झालं नव्हतं. 'हो हो' ते पेपरातल्या क्रिकेटले होतं. (४ न ५ ले लिहिलं नाही. डोळ्यातून पाणी येत होतं, कांद्याचं.)

सून वच्छला म्हणे, "आई, बुकिंग झालं, आता बदलत नसते. अन् पद्मिनी आता जुनी झाली, कोण घेते?" हे ती खिडकी उघडी ठेवून बोलली. यमुताईनं ऐकलं असेल. बरंच झालं.

काही बिघडत नाही. मले उपाय सुचला. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा सोन्याच्या अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिते की नाही? तसं. काटोलले माहेरी मी देवकी होती. तांदळावर यांनी 'सुभद्रा' लिहिलं, लाडू वाटले न देवकी संपली. मंग सुभद्राही कोणी म्हटलं नाही म्हणा. हे जन्मभर 'ऐकलं का' म्हणत होते, पुढं 'वसंताची माय', मंग आई, मंग आजी. सुभद्रा फक्त राशनकार्डावर राहते. पण तो मुद्दा नाही. मुद्दा असा, की तांदळानं माणसाचं नाव जाते, तिथं एकशे अठरा काय चीज आहे!

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

गाडीचं नाव ठरलं. देवकी. काही खास कारण नाही. डोक्यात पहिल्यांदा तेच आलं.

हळदीकुंकवाले बाया आल्या, त्यांले सांगून टाकलं. यमुताई म्हणे, "देवकी? अवं, मोटारीचं नाव आहे की मावशीचं?" मी हसली. जळते बिचारी. तिच्या पद्मिनीचं दार आतून कापडी पट्टीनं बांधून ठेवा लागते.

घरात नियम केला: जो 'वन वन एट' म्हणेल त्याले चहा नाही.

१५ जानेवारी.

नियमाचा पहिला दिवस. सकाळी वच्छलाच म्हणाली, "वन वन एट आली की तिले फाटकातून आत घेता येईल न?" पण चहा तीच करते. म्हणून तिले माफ. वसंता म्हणाला तेव्हा तो कोर्टात चालला होता, उपाशी कसा पाठवू? उत्तराले तिची आई ओरडली होती, पोरीचा चेहरा उतरला होता. तेवढं सोडलं तं नियम कडक आहे.

२ फेब्रुवारी, रविवार.

आली! काय देखणी आहे माय! वासच इतका नवा की मले शिंका आल्या. वसंतानं लिंबू ठेवला, नारळ फोडला. मी स्टीलच्या ताटात चिन्नोर तांदूळ पसरून तयार होती. यांची अंगठी आणली होती, ती बोटात ढिली होते म्हणून दोऱ्यानं बांधली. दे-व-की. तीन अक्षरं, गोल. मंग मोठ्यानं वाचून दाखवलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मले तं भरून आलं.

टाळ्या थांबल्या न वसंतानं किल्ली फिरवली. म्हणे, "बसा बसा, पाहा आता वन वन एट कशी उचलते!" वच्छला घरी थांबली, बाकी सगळे बसले. मीही बसली. रामदासपेठेपर्यंत कशी उचलते ते पाहून आलो.

परत आली तं ताट जागेवर नाही. वच्छलानं तांदूळ धुऊन कुकरले लावले होते. म्हणे, चिन्नोर वाया काहून घालवायचा? संध्याकाळी मसालेभात झाला. देवकी सगळ्यांच्या पोटात गेली. वसंतानं दोनदा मागून घेतला. भात चांगला झाला होता, खोटं काहून बोलू.

९ फेब्रुवारी.

प्रगती आहे. उत्तरा आज फोनवर "देवकी" म्हणाली. मी पडद्यामागं होती, सहजच. मन असं भरलं! मंग समजलं की तिच्या वर्गात कोणी देवकी आली आहे न तिले उत्तरा 'आगाऊ' म्हणत होती.

तरी शब्द घरात आला. सुरुवात अशीच होते.

१६ फेब्रुवारी.

धरमपेठच्या बाजारात गेलो. मी भाजी घेऊन पुढं आली न देवकीत जाऊन बसली. पिशवी मांडीवर. वाटाणे खात होती तेवढ्यात एक गृहस्थ आले न फार अदबीनं म्हणाले, "आजी, कोणाकडच्या तुम्ही?" अशाच पांढऱ्या दोन होत्या म्हणे. दार कुलूप न लावता काहून ठेवतात लोक?

वसंता हसत सुटला. "आई, पाटीवरचा नंबर पाठ कर." म्हणजे आता दोन नंबर. त्या गृहस्थाले उतरताना मी विचारलं, तुमच्या गाडीचं नाव काय? तो म्हणे, "वन वन एट." त्याच्याही घरी कोणी विचार केला नाही.

२० फेब्रुवारी.

भागीरथाचं कार्ड आलं! काटोलहून येऊन राहिली. माझी लहान बहीण. देवकी हे नाव ज्यांनी तोंडानं घेतलं, त्यातली आता ती एकच उरली. मी गाडीची ओळख करून देईन, "ही देवकी," न ती गालावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणेल, अवं, हे तं तुयं नाव! मंग वसंता विचारेल, मंग वच्छला विचारेल. मंग म्हणतीलच. न म्हणून जातील कुठं?

म्हणजे, गाडीले.

२३ फेब्रुवारी, रविवार.

भागीरथा आली. एसटी स्टँडवर आम्ही सगळे घ्यायले गेलो. संत्र्यांची टोपली, गुडघे दुखतात, बस हालते, सगळं सांगून झालं. मी तिले गाडीसमोर उभी केली. म्हटलं, "भागीरथा, ही आमची देवकी."

ती इकडे पाहे, तिकडे पाहे. म्हणे, "कोन देवकी? सूनबाईचं नाव तं वच्छला हाय न?"

मी म्हटलं, गाडी. गाडीचं नाव. आठवण कर थोडी.

ती म्हणे, "काय आठवू वं बाई?"

मंग मीच सांगितलं. तिले नवल वाटलं. "तुयं नाव देवकी होतं? मी तं पहिल्यापासून बाईच म्हणत आली. अन् माय तुले पोरी म्हणे. तुया लग्नात मी चार वर्साची, मले फक्त लाडू आठवते." मंग म्हणे, "कोनाचं तरी होतं खरं देवकी. आपल्या म्हशीचं तं नव्हतं?"

उत्तरा हसली. वसंता म्हणे, "चला, ऊन लागते."

मी भागीरथाजवळ मागं बसली. सीट खरंच मऊ आहे. वर्धा रोडले वळल्यावर तिनं विचारलं, "मंग हिले घरी काय म्हनते?"

मी म्हटलं, "वन वन एट."

वसंतानं आरशातून पाहिलं. "वा आई! जमलं की!" वच्छलानं मागं हात करून मले एक संत्रं सोलून दिलं.

भागीरथा म्हणे, "वनवनेठ."

मी म्हटलं, नीट म्हण वं, नाव आहे तिचं.