फळा पुसून या

सोमवार, ९ जून

प्रिय मुलींनो,

तिघींनाही आशीर्वाद. तुम्ही मजेत असाल. माझा घसा बसलाय, म्हणून भाषणाऐवजी पत्र.

पदवी झाली, पात्रता परीक्षा झाली, तासिकांवर राबून झालं. तरी दर मुलाखतीला आपण नुसती रांग भरायला. जागा आधीच कुणाच्या तरी पानात वाढलेली असते. तुम्ही विचारलंत, 'बाई, प्राध्यापकीची सुरुवात कशी करायची?' अर्ज, प्रमाणपत्रं तुम्हाला ठाऊक आहेत. मी फळ्याचं सांगते.

गुरुवारी मुलाखतीत शिकवून दाखवावं लागेल. सगळ्यांना विषय एकच, मागणी आणि पुरवठा. अध्यक्षांकडे पाहू नका, ते चहाच्या कपाकडे पाहत असतात. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचू द्या. मधेच 'पुरे' म्हणतील. मलाही म्हणाले होते. मागणीची रेषा काढून झाली होती, पुरवठ्याची निम्मीच. 'बसा बाई, एका घरात दोन प्राध्यापक कशाला? एक होतोच आहे.'

मी खडू ठेवला. माझ्यानंतर आत गेला, तो लागला. फार छान शिकवलं म्हणे त्यानं.

विभागप्रमुखांचा भाचाही या वेळी उमेदवार आहे. नंबर शेवटचा, तुम्हा तिघींनंतर. का, ते मला काल जेवताना कळलं.

'मामा, मला ती आकृतीच जमत नाही,' तो म्हणाला.

प्रमुख हसले. 'काढायची कशाला? आधीच्यांनी काढलेली असते. तू बोट ठेव आणि बोल. मी तसाच लागलो. कुणीतरी अर्धी सोडून गेलं होतं, मी पुरी केली.'

कुणीतरी.

तुम्ही त्यांना सर म्हणता, मी अहो म्हणते. मी समोरच बसले होते. इतकी वर्षं समोरच बसतेय, आणि ती अर्धी रेषा कुणाची होती हे त्यांच्या लक्षातही नाही.

'मामी, जेवत का नाही?' भाच्यानं विचारलं.

'पोट भरलं,' म्हटलं.

घरात भांडून काय मिळणार? दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी पुन्हा 'अहो, चहा.' मला भांडण नकोय, मला गुरुवार हवाय. त्यांचा भाचा कोऱ्या फळ्यासमोर उभा, हातात खडू, तोंडात शब्द नाही, आणि समितीत बसून सगळं पाहणारे आमचे हे. माझा अर्धा राहिलेला तास तिथे संपेल.

तेव्हा तिघीही नीट ऐका. जीव ओतून शिकवा. मग कुणी 'पुरे' म्हणो, 'वा' म्हणो, डस्टर उचला आणि फळा पुसूनच बाहेर या. एक रेघही मागे ठेवू नका.

तुमच्याच रांगेतली,
बाई