माणिकबाई ऐकतात

१८ जानेवारी
पोचले बाप्पा एकदाची! मूर्तिजापूरच्या पुढे हरभऱ्याच्या शेतात हा बंगला आहे. इथे राहून लिहायच्या लेखक-फेलोशिपसाठी निवड झाल्याचं कळलं तेव्हा माझी लेक प्रणाली म्हणाली, आई, जा, नाहीतर अमरावतीत बाबांचा फोटो पुसत बसशील. माझा नवरा संघपाल, त्याला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्याच्यावर पुस्तक लिहायला आले आहे. कथासंग्रह झाले, पुरस्कार झाले, पण घरच्या माणसावर एक पान जमेना.

दुसरा लेखक गजेंद्र, अकोल्याच्या जुन्या शहरातला. जेवताना सारखं एकच, हे भरीत माझ्या आईच्या भरताच्या जवळपासही नाही. यजमान वामनराव आणि माणिकबाई सत्तरीचे, मूलबाळ नाही. स्वयंपाक त्यांच्याकडे, म्हणजे माझ्यासारख्या आळशीला स्वर्गच! नियम एकच. चारच्या चहाला त्या दिवशी लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं, आणि ते आपल्याच आयुष्यातलं, खरं असलं पाहिजे.

२० जानेवारी
आज वाचलं. संघपाल मला पाहायला आला तो दिवस. वाटेत सायकलची चेन पडली, आणि त्याच काळ्या हातांनी त्यानं कपबशी धरली. माणिकबाई डोळे मिटून ऐकत होत्या. टाळ्या नाहीत, वाहवा नाही. नुसतं म्हणाल्या, पोचलं वं बाई. इतकं जिवाचे कान करून माझं कोणी ऐकलं नव्हतं. पुण्याचे समीक्षक गेले उडत!

२३ जानेवारी
गजेंद्र तीन दिवस आईवरचं वाचतो आहे. आज जेवताना त्याच्या फोनवर ‘आई’ असं नाव आलं, तर राँग नंबर म्हणून ठेवून दिला. मी रागावले, असली कसली मस्करी? त्यानं विचारलं, ताई, कोणाची आई? चेहरा अगदी भाबडा. भरीतही आज कशाशी तुलना न करता खाल्लं.

मग माणिकबाई सांगायला लागल्या, वामनराव मले पाहाले आले तं सायकलची चेन पडली, हात हे काळे! मला हसू आलं. म्हटलं, म्हातारपणी गोंधळ होतो. खोलीत येऊन तो दिवस आठवून पाहिला. पानावर आहे. मनात नाही.

घाबरायला हवं होतं. खरं सांगू? हलकं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा छातीवरचा दगड कोणीतरी उचलला. उद्याही वाचणार.

२७ जानेवारी
दवाखान्यातले शेवटचे दिवसही वाचून टाकले. मी रडले नाही. माणिकबाई आपलाच नवरा गेल्यासारख्या धाय मोकलून रडल्या, वामनराव शेजारी बसले असताना.

प्रणालीचा फोन. बाबांच्या वर्षाच्या स्मृतिदिनाला, पुण्यानुमोदनाला कोणाकोणाला बोलवायचं? मी विचारलं, कोणाच्या? तिनं दोनदा बाबांचं नाव सांगितलं. मग म्हणाली, उद्या न्यायला येते. फोन ठेवला. या वहीतलं मागचं सगळं वाचलं. संघपाल नावाचा कोणी भला माणूस होता. गेला तो माणिकबाईंकडे. प्रणाली मात्र देणार नाही.

२८ जानेवारी, सकाळ
तिच्यावर लिहायचंच नव्हतं. पण हात थांबेना. तिचा जन्म, पहिली शाळा, रुसली की थरथरणारा खालचा ओठ — सगळं एका पानात उतरलं. इतकं चांगलं मी आजवर लिहिलेलं नाही. बॅगेत ठेवलं आहे. वाचायचं नाही. माणिकबाईंना सांगितलं, मी चालले. त्या म्हणाल्या, जाय ना बाई, काहून जबरदस्ती करू? पण चहा तं घे.

चहानंतर
वाचलं.
त्या डोळे मिटून बसल्या होत्या — आणि पान इतकं छान झालं होतं — ते कोणी ऐकायलाच नको का?
पोचलं, म्हणाल्या.
आता काही दुखत नाही.

फाटकाशी ऑटो थांबला. एक पोरगी आई आई करत आत आली. माणिकबाई धावल्या, कवटाळलं, माही प्रणाली म्हणाल्या. किती गोड. पण पोरगी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून रडते आहे — काहून बरं? भेटली ना आई. मी व्हरांड्यातून हसून हात केला. ती त्यांना ढकलून इकडेच येते आहे. ओठ थरथरतोय. कोणाची आहे बिचारी, नाव तरी विचारा—