रुईची खाज

आई, आज मला तुझ्याशी भांडायचंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग काही जात नाही बघ.

तुझी डावी छाती लाल झाली होती आणि तू सारखी खाजवायचीस. टेमघरच्या कारखान्यात दिवसभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरायचीस, कापसाची रुई उडून केसांत, गळ्यात, थेट ब्लाऊजच्या आत जायची. त्यामुळे खाज आली की रुई, पुरळ उठलं की रुई. तिथल्या सगळ्याच बायकांचं तसं. माहेरी आले तेव्हा मी विचारलं, तर म्हणालीस, "कायी न्हाय गो, रुईची खाज हाय. त्याल लावलंय." अगं, रुई काय एकाच बाजूला बसते? हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही!

शेजारच्या मावशीला मात्र दाखवलंस. ती तुझ्याच शिफ्टची. तिने हळद सांगितली. पाहिलं नाही तरी दिसतंय मला, ओट्याकडे तोंड करून तू वाटीत हळद कालवतेस आणि पदराआडून लावतेस. कातडी मोसंबीच्या सालीसारखी जाड, खड्ड्याखड्ड्यांची झाली, बोंड आत ओढलं गेलं, तरी हळदच. हाताला गाठ लागत नव्हती, दुखत नव्हतं, मग कसला आजार! घरात नुकताच मोबाईल आला होता. एक फोन करायचास. माझं सासर जवळच शेलारला, परदेशात नव्हतं काही.

शेवटी मावशीकडून कळलं, तेव्हा मीच तुला ओढत धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. तिथेही पदर सोडेनास. "मलम लिवून द्या ना, डाक्टर." त्यांनी कसंबसं पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. "ताई, हे वरचं दुखणं नाही, कॅन्सर वाटतोय. कातडी बदलली तेव्हाच का नाही आणलंत?" पुढे मुंबईच्या खेपा, केमो, आणि तू गेलीस. गाठ नसतानाही छातीचा कॅन्सर नुसता कातडीवर दिसतो, हे मला तू गेल्यावर नीट कळलं. आता हेच मावशीच्या सुनेला सांगते, तर ती हसून विषय बदलते. डोकं फिरतं माझं.

हे पत्र काही टपालात पडणार नाही. परक्या बाईला दाखवलंस, पोटच्या पोरीला नाही, हे मी येईल त्याला ऐकवत आले. पण खरं सांगू? मी विचारलं तेव्हा तू खरंच पदर बाजूला केला असतास, तर "आई, काय हे!" म्हणत मीच तोंड फिरवलं असतं.